आधी गाणं, मग पत्र

ऑपरेटर काकांनी आमचं नाटक एकदाही धड पाहिलं नव्हतं, आणि तरी त्या नाटकाबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते नाटकाला आलेल्या लोकांच्या माना बघायचे.

शेवटच्या ओळीच्या मागे, जिथे दिवे कमीजास्त करायचं डिमर ठेवतात, तिथे ते उभे असायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. डाव्या हातात साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, आणि त्याच्या मधोमध ब्लेडने कापलेली एक चौकोनी खिडकी. ती डोळ्यांसमोर धरून ते समोरच्या अंधारातल्या माना ओळीओळीने तपासत जायचे, आणि उजव्या हाताने, न बघता, डिमरचे खटके वरखाली करायचे. हदगावच्या टॉकीजमध्ये त्यांनी उभा जन्म सिनेमे दाखवले होते. केबिनच्या भिंतीत जेवढं भोक होतं, अगदी तेवढंच त्यांनी पुठ्ठ्यात कापलं होतं. चौकट नसली की त्यांना नीट दिसायचं नाही म्हणे.

"उघड्या डोळ्यानं लई दिसतंय," ते म्हणायचे. "पण त्यातलं कामाचं किती?"

मी त्यांच्या शेजारी, मांडीवर संहिता आणि हातात छोटी बॅटरी घेऊन बसायचे. कुठला दिवा कधी, ते हळू आवाजात सांगणं माझं काम. नाटकही मीच लिहिलं होतं, एका जुन्या, गाजलेल्या चित्रपटावरून. चाली नव्या, गाण्याचे शब्द माझे, गोष्ट मात्र तीच. पण लिहिणाऱ्याला प्रयोगाच्या वेळी काही काम नसतं, आणि मला विंगेत उभं राहून नटांच्या गडबडीत सापडायचं नव्हतं. मागचा अंधार मला बरा वाटला.

पहिल्या तालमीला मी म्हणाले, "काका, इथे प्रकाश मंद होत जातो."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "बत्ती खाली, आसं म्हणायचं का तुम्हाला, मिस?"

तेव्हापासून मी 'मिस'. मी नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकले, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांच्या नातवाच्या तसल्याच शाळेत बाईंना मिस म्हणतात, म्हणून मीही मिस. मला राग आला होता. पण रागाचं काही बोलायला शब्द लागतात आणि माझ्याकडे ते वेळेवर हजर नसतात. मी मान खाली घालून पुढची सूचना वाचली. "बत्ती खाली," मी म्हणाले.

"हां. आता कळलं बत्तीला."

डिमरला हात लावण्याआधी ते हात धुवायचे. साबणाने, कोपरापर्यंत, मग खिशातल्या पांढऱ्या रुमालाने एकेक बोट पुसायचे. डिमरच्या खटक्यांना मळक्या हाताने काय होणार? मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "फिल्मवर बोटाचा डाग पडला तर पडद्यावर हत्तीएवढा दिसतो. आता फिल्म न्हाई, पण बोटं तीच हायेत ना."

जुन्या गोष्टी सांगताना त्यांचा उजवा हात हवेत गोल गोल फिरायचा, रीळ उलटं गुंडाळल्यासारखा. गोष्ट संपली की हात थांबायचा. कधी कधी आधी हात थांबायचा आणि मग गोष्टही तिथेच थांबायची. मग कितीही विचारलं तरी ते पुढचं सांगायचे नाहीत.

*

नाटकाची गोष्ट तशी साधी. एका आईचा एकुलता एक मुलगा घर सोडून गेलाय. वर्षं गेलीत, बातमी नाही. मग एक दिवस पत्र येतं, मी निघालोय. आई अंगण सारवते, रांगोळी घालते, चुलीवर पुरण चढवते आणि गाते. पाहुणा वाटेवर आहे, असं ते गाणं. शेवटी मुलगा दारात उभा राहतो.

हे सगळं मी चित्रपटातून जसंच्या तसं घेतलं होतं. लॅपटॉपवर अकरा वेळा पाहिला होता मी तो. कुठला प्रसंग किती मिनिटांचा, हे वहीत लिहून काढलं होतं. ज्याला भाषेची भीती वाटते तो असंच करतो, मापं घट्ट धरून ठेवतो.

पहिलं वाचन नांदेडला, सरांच्या कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात झालं. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. वाचून झाल्यावर सगळे काही ना काही बोलले. काका सर्वांत मागच्या बाकाजवळ उभे होते.

"पत्र लई लवकर आलं, मिस," ते म्हणाले.

"चित्रपटात तिथेच येतं, काका."

"तिथंच येतं?"

"हो. मी अकरा वेळा पाहिलाय."

त्यांचा उजवा हात हवेत एकदाच फिरला आणि थांबला. "आसंल," ते म्हणाले, आणि कान खाजवत बाहेर गेले.

नंतर, सगळे गेल्यावर, त्यांनी माझ्याकडे संहिता मागितली. व्हरांड्यात, उजेडाला पाठ करून, आईची वाक्यं बोटाने ओळीखाली रेघ ओढत वाचली. "ही आसं बोलते व्हय?" ते म्हणाले. "मला मालूमच न्हवतं. केबिनमंदी मशीनचा आवाज इतका आसायचा, की एक शब्द कानावर यायचा न्हाई. म्या हा पिक्चर शंभर बार दाखवला आसंल मिस, पण ऐकला आजच."

त्या वेळी मला एवढंच सुचलं की हा माणूस जरा वेगळा आहे. त्यापुढे मी गेले नाही.

त्याच वाचनानंतर सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नांदेड, लातूर आणि हदगाव, असे तीन प्रयोग माझ्या संहितेवर होतील. हदगाव जमलं, तर पुढच्या सगळ्या जाहिरातींवर लेखिका म्हणून माझं नाव. नाही जमलं, तर संहिता पुण्याच्या एका अनुभवी लेखकाकडे जाईल.

"राग मानू नकोस," सर म्हणाले. "तुझं शिक्षण इंग्रजीत. शहरात खपून जाईल. हदगावात कळेल आपलं नाटक मराठीत आहे की नाही."

काका व्हरांड्यात होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण लगेच आत येऊन ते म्हणाले, "हदगाव कामून? भोकर हाय, मुदखेड हाय. हदगावात काय ठेवलंय?"

"अहो, तुमचंच गाव ना!" सर हसले. "तुमच्या गावात नाही करायचा तर कुठे?"

काकांनी पुठ्ठ्याच्या खिडकीतून सरांकडे पाहिलं. मग पुठ्ठा खाली केला.

*

माना कशा वाचायच्या ते मला त्यांनी नांदेडच्या प्रयोगात शिकवलं. माझ्या हातात पुठ्ठा देऊन ते कानाशी पुटपुटत होते. ती बघा, उजवीकडची, ताठ झाली, म्हणजे ऐकून राहिली. तो टकल्या खांद्यात मान घालून बसलाय, त्याला घरी जायचंय. दोन डोकी एकमेकांकडं झुकली की समजायचं, काहीतरी पटलं न्हाई. आणि ज्याचा हात मागं मानेवर जातो, मिस, तिथं आपण खोटं बोललो.

"पण काका, समोरून बघितलं तर चेहरे दिसतील ना?"

"तोंड खोटं बोलतंय. तिकीट काढून आलेला माणूस तोंडानं हसतोच. मानेला कुणी शिकवलेलं नसतंय."

नांदेडच्या लोकांनी पत्र आल्यावर टाळ्या वाजवल्या, आणि गाण्याला ठेका धरला. पहिल्या प्रयोगाला आणखी काय हवं? सर खूश, आईचं काम करणाऱ्या ताई खूश. मी काकांकडे पाहिलं.

"ठेका धरला," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि आनंदही नव्हता. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "नुसता ठेका धरला."

लातूरला तर गाण्याला वन्स मोअर मिळाला. पण लातूरचा प्रयोग माझ्या लक्षात राहिला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. पहिल्या ओळीत एक वयस्कर व्यापारी बसले होते, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. विंगेतून नटांना त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो दगडासारखा होता. इंटरव्हलला नट घाबरून गेले. शेजारच्या घरजावयाचं विनोदी काम करणारा मुलगा म्हणाला, "पुढच्या अंकात मी एंट्रीच घेणार नाही. तो माणूस मला खाऊन टाकेल."

पुढचा अंक सुरू झाला तसं काकांनी त्याला मागे आणलं आणि पुठ्ठा त्याच्या डोळ्याला लावला. "त्याची मान बघ. त्या वळ्या बघ, थरथरून राहिल्या. पोट धरून हसून राहिला तो. घरी पोरासुनांसमोर हसायची सवय न्हाई, म्हणून तोंडावर काही दिसत न्हाई."

प्रयोग संपल्यावर ते व्यापारी रंगमंचावर आले आणि त्या मुलाला त्यांनी मिठी मारली. चेहरा अजूनही तसाच होता. मुलगा त्यांच्या खांद्यावरून काकांना शोधत होता, आणि काका आमच्या गाडीत सामान चढवायला निघून गेले होते.

परतीच्या रस्त्यावर मी पहिल्यांदा स्वतःहून त्यांना काही विचारलं. "टॉकीजमध्ये लोक तुम्हाला ओळखायचे का?"

"नावानं कोण ओळखतंय? चित्र जरा अंधुक झालं, की अख्खी टॉकीज ओरडायची, 'ए ऑपरेटर, झोपला का!' म्या कव्हाच झोपलो न्हाई, मिस. पण ती हाक आली की बरं वाटायचं. सातशे लोकांना एकदम मालूम पडायचं, की वर भिंतीमागं कुणीतरी हाय."

"आणि हदगाव तुम्हाला का नको?"

हात हवेत फिरायला लागला. दोन वेढे, तीन वेढे. मग थांबला.

"रीळ संपलं," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

*

हदगावचा प्रयोग एका मंगल कार्यालयात होता, दुपारी चारला. सोयाबीनची रास घरात आली होती, कापूस वेचायला अजून वेळ होता, म्हणून सरांनी तेच दिवस धरले. बायका लवकर येऊन पुढच्या ओळी धरून बसल्या. बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या. तरुणपणी तो चित्रपट पाहिलेल्या आणि आता सुनांना, नातींना दाखवायला घेऊन आलेल्या. आत येणारा जो तो काकांना बघून थांबत होता. "अरे, ऑपरेटर! जिते हायेत अजून!" काका हसत होते, पण रुमालाने हात पुसणं काही थांबत नव्हतं. कोरडे झालेले हात ते पुन्हा पुन्हा पुसत होते.

पहिली चाळीस मिनिटं माना ताठ होत्या. मी पुठ्ठ्याशिवायही आता ओळखू शकत होते. मग पोस्टमन आला, आईने पत्र घेतलं, आणि डोकी एकमेकांकडे झुकायला लागली. एकदम सगळीकडे. अशी झुकलेली डोकी मी नांदेडला पाहिली नव्हती, लातूरलाही नाही.

काकांनी पुठ्ठा खाली ठेवला होता. ते बघतच नव्हते.

ताईंनी गाणं सुरू केलं. हसत, गिरकी घेत, हातात सारवणाची बादली. कुणी ठेका धरला नाही. तिसऱ्या ओळीतल्या हिरव्या लुगड्यातल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या आणि ताईंना उद्देशून, घरातल्या सुनेला सांगावं तसं, म्हणाल्या, "अगं, आत्ताच कामून हसतीस? पत्र कुठं आलंय अजून!"

"आलं की आज्जी, आत्ताच," शेजारची मुलगी त्यांना खाली ओढत म्हणाली.

"ते चुकून आलं!"

लोक हसले. ताई बिचाऱ्या गात राहिल्या. सबंध गाणंभर मला हात दिसत होते, पाठीमागे मानेवर गेलेले. एक, मग चार, मग मोजता येणार नाहीत एवढे. जिथं हात मानेवर जातो, तिथं आपण खोटं बोललो.

इंटरव्हलला सरांभोवती घोळका जमला. मी खांबाच्या मागे उभी होते.

"कोणी लिहिलं हो हे? पिक्चर तरी पाहिला का त्यानं?"

"त्यानं न्हाई, पोरगी हाय म्हणं. इंग्लिश शाळेतली."

"मंग बराबर हाय. तिला काय कळणार, आधी काय न् नंतर काय!"

सरांनी घोळक्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुण्याचा लेखक अगदी स्पष्ट दिसला मला.

मग मी जे केलं, ते मी एरवी केलं नसतं. मी पुढे गेले आणि मोबाईलवर तो चित्रपट काढून, पत्राच्या प्रसंगापासून लावून, सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. पत्र आलं, गाणं सुरू झालं. चार जण वाकून बघत होते.

"हे दुसरंच हाय," त्यांनी मोबाईल परत केला. "मोबाईलवाले कापतेत, उलटंसुलटं जोडतेत. ओरिजनल आमी पाहिला, आपल्या टॉकीजमंदी. आधी गाणं. मग पत्र. अख्ख्या तालुक्याला इचार."

मला एकदम रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी डिमरपाशी परत आले. काका तिथे हात धुऊन आलेले होते. त्यांनी एकेक बोट पुसलं आणि मग तो रुमाल माझ्या हातात दिला. मला वाटलं डोळे पुसायला दिला.

"हात धुऊन या, मिस," ते म्हणाले. "बत्ती तुमच्याकडं. म्या जरा समोर जाऊन येतो."

*

पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर सारवलेलं अंगण होतं, तुळस होती, आणि मधोमध पुठ्ठा हातात घेऊन काका उभे होते. सर विंगेतून खुणा करत होते. मी एक दिवा वर केला. माझ्या हातून चुकूनही दुसरा दिवा लागला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

काकांनी पुठ्ठा डोळ्यांसमोर धरला आणि लोकांकडे पाहिलं. "तुमची तोंडं म्या कव्हा पाहिली न्हाईत," ते म्हणाले. "म्हणून हे. हासू नका."

लोक हसलेच. टॉकीजच्या वेळचं कुणीतरी ओरडलं, "ए ऑपरेटर, पिक्चर लाव!"

"लावतो. आधी एक ऐका. त्या पोरीनं लिहिलं ते बराबर हाय. पिक्चरमंदी आधी पत्र हाय, मग गाणं. साऱ्या दुनियेत तसंच हाय. फक्त हदगावात उलटं हाय. ते म्या केलं."

पुढच्या ओळींतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"पहिल्या खेळाच्या आधी रिळं गुंडाळून डब्यात भरताना आठव्याचं झाकण नवव्याला बसलं, नवव्याचं आठव्याला. माह्याच हातून. मशीनवर गाणं सुरू झालं तव्हा कळलं, की पत्राचं रीळ मागं राहिलं. पण भरल्या खेळात मशीन बंद कोण करणार? म्या भोकातून खाली पाहिलं. म्हणलं, आता शिव्या, आता खुर्च्या मोडणार." त्यांचा उजवा हात हवेत फिरत होता. "तर सातशे माना खाली. अख्खी टॉकीज रडून राहिली. पत्र न्हाई, बातमी न्हाई, आन् ही बाई हासत हासत अंगण सारवून राहिली, पाहुणा वाटेवर हाय म्हणून. त्याच्यानंतर पत्र आलं, तव्हा लोक खुर्च्यांवर उभे राहिले."

"दुसऱ्या खेळाला म्या रिळं बराबर लावली," काका पुढे म्हणाले. " लोकांनी ठेका धरला, शिट्ट्या मारल्या. कुणी रडलं न्हाई. तिसऱ्या खेळाला म्या परत उलटी लावली. जाणूनबुजून. अकरा हप्ते. मालकाला कळलं न्हाई, कुणालाच कळलं न्हाई. पहिल्या खेळाला झाली ती चूक. तिसऱ्यापासून तो गुन्हा. माह्या गुन्ह्यापायी आज त्या लेकराला बोल लागून राहिला, म्हणून सांगितलं."

आणि या वेळी त्यांचा हात थांबला तो गोष्ट पूर्ण झाल्यावरच.

हिरव्या लुगड्यातल्या बाई पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कुणी खाली ओढलं नाही.

"माझा भाऊ तव्हा मिलिट्रीत होता," त्या म्हणाल्या. "पत्र नव्हतं त्याचं. म्या आठ येळा आले त्या गाण्यासाठी. म्हंजी म्या आठ येळा चुकीचं रडले व्हय रे?"

काकांनी पुठ्ठा डोळ्यांवरून काढला. प्रेक्षकांकडे ते पुठ्ठ्याशिवाय बघताहेत हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"न्हाई मावशे," ते म्हणाले. "रीळ चुकलं होतं. रडणं बराबर होतं."

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग पदर खोचून खाली बसल्या. "मंग आमचं लाव," त्या म्हणाल्या. "हे नांदेडचं नको आमाला."

"आमचं लावा!" मागून आवाज आला. "आधी गाणं!" "ए ऑपरेटर!"

सर विंगेतून अर्धे बाहेर आले होते. ताई त्यांच्यामागे, बादली हातात घेऊन. पोस्टमन गोंधळून एकदा पत्राकडे, एकदा सरांकडे बघत होता. सरांनी हॉलवरून नजर फिरवली आणि शेवटी ती माझ्यावर थांबली. तीनशे लोक मागे वळले. मला माना दिसत होत्या त्या ठिकाणी आता चेहरे होते.

"गाणं आधी," मी म्हणाले.

ऐकू गेलं नाही. काकांनी तिकडून हात वर केला, बत्ती वर करताना करायचे तसा.

"गाणं आधी!" माझा आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचला. "मग पत्र. ताई, काही बदलू नका. तसंच हसा."

ताईंनी काही बदललं नाही. तीच गिरकी, तीच बादली, तेच शब्द. मी दिवे वर नेले आणि समोर बघितलं. तिसऱ्या ओळीतलं हिरवं लुगडं खाली वाकलं, मग त्याच्या शेजारची नात, मग वाऱ्याने पीक आडवं व्हावं तसं सगळं मागपर्यंत. दहा मिनिटांपूर्वी मोबाईल परत देणाऱ्या गृहस्थांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला होता. शब्द माझेच होते. मी लिहिताना त्यात हे काही पाहिलं नव्हतं.

काका विंगेत, तुळशीच्या मागे उभे होते. त्यांनी मला खूण केली, पुढच्या दिव्याची. मी ती आधीच केली होती.

*

नांदेडला परतताना सरांनी विचारलं, "नाव कसं छापायचं तुझं? आडनावासकट?"

मी म्हटलं, काकांचंही छापा. काका खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. "ऑपरेटरचं नाव पडद्यावर येत नसतंय, मिस," ते म्हणाले आणि चार शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

संहिता पुण्याला गेली नाही. मी तिच्यातलं एकच पान उचलून दुसऱ्या पानाच्या मागे लावलं, आणि आता सगळीकडे तसाच प्रयोग होतो. चित्रपट पाठ असलेले लोक कधीकधी येऊन चूक दाखवतात. मी त्यांना म्हणते, आमच्याकडे पत्र नंतर येतं. यापेक्षा जास्त सांगायची मला गरज वाटत नाही.

लातूरच्या दुसऱ्या प्रयोगाच्या दिवशी काका उशिरा आले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल. डिमरपाशी येऊन त्यांनी पुठ्ठा माझ्या हातात दिला.

"हात धुतले?"

"धुतले, काका."

"म्या आज खुर्चीवर बसून पाहणार हाय," ते म्हणाले. "तिकडून कसं दिसतं ते एकदा तर कळू द्या."

ते तिसऱ्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. शाळेत नव्याने आलेल्या मुलासारखे, दोन्ही हात मांडीवर. मी पुठ्ठा डोळ्यांसमोर धरला आणि त्या चौकटीत बरोबर त्यांची मान घेतली. बारीक, उन्हाने रापलेली, कडेने केस नीट कापलेले. पहिली चाळीस मिनिटं ती हलली नाही. विनोदांना वळ्या तेवढ्या थरथरल्या. मग ताई बादली घेऊन अंगणात आल्या, पत्र नसताना हसल्या, आणि ती मान हळूहळू, एकेक दाता सरकणाऱ्या दातेरी चाकासारखी, खाली जाऊ लागली. गाणं संपेपर्यंत चौकटीत फक्त सदऱ्याची कॉलर उरली.

गाणं संपलं होतं. ताई अंगणात थांबल्या होत्या. पोस्टमन पत्र घेऊन अंधारात उभा होता आणि त्याला यायला दिवा नव्हता. माझं लक्षच नव्हतं.

तिसऱ्या ओळीतून, मान न वळवता, ओल्या पण खणखणीत आवाजात हाक आली.

"ए ऑपरेटर, झोपली का!"

अख्खं लातूर रडता रडता हसलं. मी पुठ्ठा खाली ठेवला, आणि पत्रावर दिवा लावला.